सॅच्युरेशन ९८, तरी पेशंट गुंगीत: श्वसन निकामी होतंय हे नेमकं कसं ओळखायचं?

तालुका_एमओ

नमस्कार. चेस्ट आणि आयसीयूवाल्यांकडून समजून घ्यायचंय. तालुक्याला वारंवार दिसणारं चित्र मांडतो, आकडे प्रातिनिधिक आहेत.

बाई, वय ६२, उंची १५० सें.मी. विडी-सिगारेट कधीच नाही, पण चाळीसेक वर्षं चुलीपुढे. चार दिवस खोकला वाढलाय, कफ पिवळा, धाप. दाखल करताना साध्या हवेवर सॅच्युरेशन (हिमोग्लोबिनवर चढलेला ऑक्सिजन) ७८ टक्के. दाखल होताच कुणीतरी साधा मास्क लावून १० लिटर ऑक्सिजन सुरू केलेला. तासाभरात सॅच्युरेशन ९८, नातेवाईक खूश, पण बाई झोपाळू. हाक मारली की डोळे उघडते, पुन्हा मिटते.

तेव्हाचा एबीजी (धमनीतल्या रक्तातल्या वायूंची तपासणी): पीएच ७.२२, पीसीओटू (कार्बन डायऑक्साइडचा दाब) ८२, पीओटू (ऑक्सिजनचा दाब) १४२, बायकार्ब (बायकार्बोनेट) ३३.
मग व्हेंच्युरी मास्कने (ठरावीक टक्केच ऑक्सिजन देणारा मास्क) २८ टक्के केला. अर्ध्या तासाने: पीएच ७.२८, पीसीओटू ७०, पीओटू ६२, बायकार्ब ३२, सॅच्युरेशन ९०.

प्रश्न असे: (१) श्वसन निकामी होण्याचं टाइप १, टाइप २ पाठ आहे, पण कॉटपाशी याचा उपयोग कसा करायचा? (२) हा बिघाड आत्ताचा की जुना, हे आकड्यांतून कसं काढायचं? (३) ए-ए ग्रेडियंट (वायुकोशातल्या आणि धमनीतल्या ऑक्सिजनच्या दाबातला फरक) खरंच काढायचा का, की नुसता परीक्षेपुरता? (४) बायपॅप (मास्कमधून दोन प्रेशरवर श्वासाला मदत करणारं मशीन) कधी, किती प्रेशरवर, आणि कधी हात टेकून रेफर करायचं?

बायपॅप मशीन घरगुती प्रकारचं आहे, सेंट्रल ऑक्सिजन नाही. मोठं रुग्णालय दीड तासावर.

---

छातीतज्ज्ञ_पुणे

डॉक्टर, पहिल्या प्रश्नाचं उत्तर तुमच्याच दोन एबीजींत आहे. पल्स ऑक्सिमीटर हिमोग्लोबिनवर ऑक्सिजन किती चढलाय एवढंच सांगतो. कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतोय की नाही, याबद्दल तो अवाक्षर काढत नाही. बाहेरून ऑक्सिजन चालू असताना तर पेशंटचा श्वास अर्ध्यावर आला तरी तो ९८ दाखवत राहील.

टाइप १ म्हणजे पीओटू ६० च्या खाली, सीओटू नॉर्मल किंवा कमी. टाइप २ म्हणजे पीसीओटू ४५ च्या वर. पीएच ७.३५ च्या खाली असेल तर तो आत्ताचा, किंवा जुन्यावर नव्याने चढलेला. कॉटपाशी याचा अर्थ असा घ्या: टाइप १ मध्ये ऑक्सिजन कसा पोहोचवायचा हा प्रश्न असतो, टाइप २ मध्ये हवा आत-बाहेर कशी हलवायची हा. दुसऱ्याला नुसता ऑक्सिजन वाढवून काही साधत नाही, उलट तुमच्या बाईंचं झालं तसं होतं.

आता आत्ताचा की जुना. दुसरा एबीजी घ्या. पीसीओटू ४० ऐवजी ७०, म्हणजे ३० ने वर. अचानक वाढला असता तर दर १० मागे बायकार्ब साधारण १ ने वाढतो: २४ अधिक ३, म्हणजे २७. कित्येक दिवस-आठवडे वाढलेला असता तर मूत्रपिंडांनी दर १० मागे ३.५ ते ४ वाढवला असता: ३४.५ ते ३६. तुमचा आकडा ३२, दोहोंच्या मध्ये. म्हणजे जुन्या टाइप २ वर नवा घाव. या बाई घरी हिंडत-फिरत असतानाच त्यांचा सीओटू वाढलेला होता. जुन्या फाइलमध्ये कधीतरी केलेल्या इलेक्ट्रोलाइट्समध्ये बायकार्ब २९-३० सापडला, तर हे आधीच कळलं असतं. म्हणून जुने कागद मागा, नातेवाइकांकडे पिशवीत असतातच.

त्याआधी एक करा: एबीजीचे आकडे एकमेकांशी जुळतात का ते बघा. २४ गुणिले पीसीओटू भागिले बायकार्ब. २४ × ७० ÷ ३२ = ५२.५. हे हायड्रोजन आयन. पीएच ७.२० ते ७.५० च्या दरम्यान एक सोपी ताळ्याची रीत आहे: ८० मधून पीएचचे दशांशानंतरचे दोन आकडे वजा करा. ८० − २८ = ५२. जुळलं. जुळत नसेल तर एखादा आकडा चुकीचा उतरवलाय किंवा मशीनचं कॅलिब्रेशन बिघडलंय. त्या रिपोर्टवर निर्णय घेऊ नका.

ए-ए ग्रेडियंट जरूर काढा, पण कधी काढायचा ते ठरवून. वायुकोशातला ऑक्सिजन = एफआयओटू × (हवेचा दाब − ४७) − पीसीओटू ÷ ०.८. एफआयओटू म्हणजे आत ओढलेल्या हवेतला ऑक्सिजनचा अंश, ४७ हा पाण्याच्या वाफेचा दाब. पाठ्यपुस्तकातला ७६० हा दाब मुंबई-रत्नागिरीला चालतो. पुण्याच्या उंचीवर, म्हणजे ५६० मीटरच्या आसपास, तो ७१० धरा. महाबळेश्वरला ६५० च्या जवळ येतो. बहुतेक जण सगळीकडे ७६० टाकतात आणि ग्रेडियंट उगाच दहा-बाराने फुगतो.

तुमचं गाव पठारावर आहे असं धरून: ०.२८ × ६६३ = १८५.६. त्यातून ७० ÷ ०.८ म्हणजे ८७.५ वजा. उरले ९८. रक्तात ६२. ग्रेडियंट ३६. वयाप्रमाणे अपेक्षित, वय भागिले ४ अधिक ४, म्हणजे १९-२०. हे सूत्र हवेवरच्या एबीजीसाठी आहे, ऑक्सिजनवर ग्रेडियंट थोडा वाढतोच. तरी ३६ म्हणजे फुफ्फुसातच दोष आहे एवढं नक्की. सीओपीडीत (श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याचा जुना आजार; या बाईंना चुलीच्या धुराने तोच झालाय असं धरतोय) हे अपेक्षितच. खरा उपयोग उलट बाजूने होतो: सीओटू ७० आणि ग्रेडियंट नॉर्मल असेल, तर फुफ्फुस बरं आहे आणि बिघाड मेंदू, नसा किंवा स्नायूंचा आहे. मग सीओपीडीचं निदान बाजूला ठेवून गोळ्या, विषबाधा, सर्पदंश शोधायचा.

पहिल्या एबीजीवर मात्र ग्रेडियंट काढू नका. साध्या मास्कवर १० लिटरला एफआयओटू किती हे पेशंट किती जोरात श्वास ओढतोय त्यावर ठरतं. अंदाजाच्या आकड्यावर केलेला हिशोब अंदाजच राहतो. नेझल प्रॉंग्सलाही (नाकात लावायच्या छोट्या नळ्या) तेच लागू: २ लिटर म्हणजे २८ टक्के हे कागदावर.

१० लिटरने सीओटू का वाढला, याचं प्रचलित उत्तर ‘हायपॉक्सिक ड्राइव्ह गेला’, म्हणजे ऑक्सिजन कमी असल्याने मिळणारी श्वासाची प्रेरणा गेली. तो भाग आहे, पण लहान. मोठा भाग असा: खराब वायुकोशांकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या ऑक्सिजन कमी म्हणून आकसलेल्या असतात, रक्त चांगल्या भागाकडे वळलेलं असतं. भरपूर ऑक्सिजन दिला की त्या उघडतात आणि रक्त अशा भागातून वाहू लागतं जिथे हवा हलतच नाही. शिवाय ऑक्सिजनने भरलेलं हिमोग्लोबिन सीओटू कमी धरतं. म्हणून श्वासाची गती तीच दिसत असतानाही सीओटू चढू शकतो. ‘श्वास तर व्यवस्थित चालू आहे’ यावर विसंबू नका.

लक्ष्य ८८ ते ९२ टक्के. टास्मानियात २०१० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत अँब्युलन्समध्येच दोन गट केले होते: एकाला सरसकट जास्त ऑक्सिजन, दुसऱ्याला ८८ ते ९२ च्या बेताने. पहिल्या गटात मृत्यू ९ टक्के, दुसऱ्यात ४. खात्रीच्या सीओपीडीवाल्यांत ९ विरुद्ध २. मास्कच्या लिटरमध्ये एवढा फरक पडतो.

आणि घाबरून ऑक्सिजन एकदम काढून टाकू नका. पीसीओटू ८२ असताना मास्क काढला तर हिशोब बघा: ०.२१ × ६६३ = १३९, वजा ८२ ÷ ०.८ म्हणजे १०२.५. वायुकोशातच ३७ उरतो, रक्तात त्याहून कमी. शरीरात साठलेला सीओटू बाहेर पडायला वेळ लागतो, ऑक्सिजन मात्र मिनिटांत संपतो. म्हणून तुम्ही केलंत तसं व्हेंच्युरीवर उतरवणं हेच बरोबर. व्हेंच्युरी नसेल तर प्रॉंग्सने १ ते २ लिटर, आणि बोटावरच्या ऑक्सिमीटरवर नजर.

व्हेंच्युरीच्या रंगावर जाऊ नका, कंपनीप्रमाणे बदलतो. तुकड्यावर टक्के आणि लिटर दोन्ही छापलेले असतात. श्वासाची गती ३० च्या वर असेल तर छापलेल्या लिटरच्या दीडपट द्या. त्याने टक्के वाढत नाहीत, फक्त एकूण प्रवाह वाढतो आणि पेशंट बाजूची हवा ओढत नाही. पांघरुणाने त्याची हवेची छिद्रं झाकली गेली तर मात्र टक्के वाढतात.

औषधं थोडक्यात: लेव्होसाल्ब्युटामॉल-इप्राट्रोपियमचं नेब्युलायझेशन, प्रेडनिसोलोन ४० मि.ग्रॅ. पाच दिवस (तोंडाने जमत नसेल तर हायड्रोकॉर्टिसोन शिरेतून), कफ पिवळा-हिरवा झालाय म्हणून अँटिबायोटिक. डेरिफायलिन सवयीने देऊ नका; फायदा थोडा, ठोके बिघडण्याचा आणि फिट येण्याचा धोका जास्त. पोटॅशियम बघा, साल्ब्युटामॉल आणि स्टेरॉइड दोन्ही ते खाली आणतात आणि श्वासाचे स्नायू ढिले पडतात.

---

भूलतज्ज्ञ_आयसीयू

वरच्या उत्तरात भर घालतो, मुख्यतः बायपॅपबद्दल.

कधी: योग्य ऑक्सिजन आणि नेब्युलायझेशन तासभर देऊनही पीएच ७.३५ च्या खाली आणि पीसीओटू ४५ च्या वर असेल तर लावा. तुमच्या बाई ७.२८ वर आहेत आणि झोपाळू आहेत. इथे तासाची वाट बघायची गरज नाही, लावाच. सीओटूमुळे आलेली गुंगी ही बायपॅपला मनाई नाही, मात्र पेशंटच्या डोक्याशी माणूस हवा. खरी मनाई: श्वास थांबत आलाय, उलट्या चालू आहेत, चेहऱ्याला इजा आहे, कफ इतका की घशात खळखळतोय आणि पेशंट खोकू शकत नाही. आणि न्यूमोथोरॅक्स (फुफ्फुसाबाहेर छातीत साठलेली हवा), छातीत नळी घातलेली नसेल तर. म्हणून मशीन लावण्याआधी छातीचा एक्स-रे बघा. एक्स-रे लगेच होत नसेल तर दोन्ही बाजूंचा आवाज नीट ऐका, सोनोग्राफी मशीन असेल तर प्रोब ठेवून फुफ्फुस सरकतंय का बघा. सीओपीडीत फुटलेला बुला (फुफ्फुसातला हवेचा फुगा) बायपॅपखाली जीव घेतो.

किती: आयपॅप (श्वास घेतानाचं प्रेशर) १२, ईपॅप (श्वास सोडतानाचं) ५ ने सुरुवात. पहिली दहा मिनिटं पट्टे न बांधता मास्क हाताने धरा, पेशंटला सवय होऊ द्या. मग दर दहा मिनिटांनी आयपॅप २ ते ३ ने वाढवत १८ ते २० पर्यंत. बॅकअप रेट, म्हणजे पेशंटने श्वास घेतला नाही तर मशीनने मिनिटाला द्यायचे श्वास, १४ ते १६ (मशीनला एसटी मोड असेल तरच मिळतो, नुसत्या एस मोडला मिळत नाही, हे तपासून ठेवा). सीओटू धुतो तो या दोन प्रेशरमधला फरक. कितीतरी ठिकाणी १०/५ वर लावून चार तास ठेवतात आणि ‘बायपॅपने फरक पडला नाही’ म्हणतात. फरक ५ चा ठेवला तर पडणार कसा?

टायडल व्हॉल्यूम (एका श्वासातली हवा) पडद्यावर दिसत असेल तर आदर्श वजनाप्रमाणे ६ ते ८ मि.ली. किलोला. १५० सें.मी. उंचीच्या बाईचं आदर्श वजन ४३ किलो, म्हणजे २६० ते ३४५ मि.ली. पडद्यावर १८० दिसतंय तर प्रेशर वाढवा किंवा गळती शोधा.

घरगुती मशीनवर सर्वांत जास्त घात होतो तो मास्कमुळे. या मशीनला एकच नळी असते. सोडलेला श्वास बाहेर जायला मास्कवर छिद्रं हवीत, किंवा नळीत एक्झलेशन पोर्ट हवा. आयसीयू व्हेंटिलेटरचा बिनछिद्रांचा मास्क (बहुधा त्याचा कोपरा निळा असतो, पण रंगावर न जाता छिद्रं शोधा) या नळीला लावला, तर पेशंट स्वतःचाच सीओटू पुन्हा ओढत राहतो. प्रेशर छान दिसतं, सॅच्युरेशन छान दिसतं, आणि तासाने पीसीओटू ९५. मशीन चालू करून छिद्रांपाशी हात धरा, हवेचा सतत झोत लागला पाहिजे. ती ‘गळती’ समजून चिकटपट्टीने बंद केलेली छिद्रं वॉर्डात दिसतात. ईपॅप ४ च्या खाली नेऊ नका, नाहीतर छिद्रांतून पुरेसा सीओटू धुतला जात नाही.

ऑक्सिजन या मशीनला बाहेरून जोडावा लागतो. मास्कच्या पोर्टला किंवा मशीनच्या तोंडाशी जोडला तरी एफआयओटू किती पोहोचतोय हे नक्की सांगता येत नाही. आयपॅप वाढवला की मशीनचा झोत वाढतो आणि तेवढ्याच लिटरला टक्के घटतात. म्हणून लिटर न ठरवता ८८ ते ९२ ठरवा. प्रेशर बदललं की दहा मिनिटांनी पुन्हा बोट बघा.

एबीजी पुन्हा एक तासाने, मग चार तासांनी. तासाभरात पीएच वर सरकलाय आणि श्वासाची गती उतरलीय, तर तुम्ही योग्य मार्गावर आहात. सगळं नीट लावून एक-दोन तासांनीही पीएच ७.२५ च्या खाली, गती ३५ च्या वर, किंवा गुंगी वाढत चाललीय, तर बायपॅप हरला. श्वासनलिकेत ट्यूब टाकायची वेळ. दीड तासाचा रस्ता असेल तर हा निर्णय मागे ठेवू नका. ‘अजून तासभर बघू’ यात पेशंट रस्त्यात कोसळतो.

ट्यूब टाकलीच तर एक धोका ध्यानात ठेवा. आत हवा साठून बीपी पडतं. अँब्यू बॅग (हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी) जोरात आणि भराभर दाबली जाते, हवा बाहेर पडायला वेळ मिळत नाही. बीपी पडलं की आधी ट्यूब तशीच ठेवून तिला जोडलेली बॅग सोडवा आणि छाती रिकामी होऊ द्या; वर आलं तर कारण सापडलं, नाही आलं तर न्यूमोथोरॅक्स शोधा. मिनिटाला १० ते १४ श्वास पुरे. आणि सीओटू ४० ला आणायची घाई नको. या बाईंचा नेहमीचाच ५५ च्या आसपास असणार. पीएच नीट झाला की थांबा.

आता तुमच्या पहिल्या प्रश्नाची दुसरी बाजू, कारण ग्रामीण भागात ती जास्त महत्त्वाची. फुफ्फुस ठीक आणि भाताच (श्वासाचे स्नायू) बंद पडलाय, असे पेशंट तुमच्याकडे पावसाळ्यात येतात. मण्यार चावलेला पेशंट: पहाटे पोटात दुखतंय म्हणून आलेला, दंशाची खूण नाही, पापण्या जड. सॅच्युरेशन ९७. याला ऑक्सिमीटर शेवटपर्यंत फसवतो. मान उशीवरून उचलायला सांगा. एका श्वासात मोठ्याने आकडे मोजायला सांगा. धडधाकट माणूस ४० च्या पुढे जातो. २० च्या आत अडखळला तर श्वासाची ताकद बरीच गेलीय, दर अर्ध्या तासाला पुन्हा मोजून कागदावर उतरवा. आकडा घसरतोय यावरच ट्यूबची तयारी करा, सीओटू वाढायची वाट बघू नका. नाग असेल तर निओस्टिग्मिन-अॅट्रोपिनचा उपयोग होतो. मण्यारीत बहुधा होत नाही, कारण तिचं विष नसेचं टोकच निकामी करतं. अशा पेशंटला बायपॅपवर ठेवू नका, लाळ गिळता येत नाही. कीटकनाशक प्यायलेल्यालाही तेच: तोंडात फेस, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, आणि दोन-तीन दिवसांनी बरा वाटत असताना मान टाकणं.

कोकणातला लाल विंचू याच्या उलट: हृदयावर ताण येऊन फुफ्फुसात पाणी, म्हणजे सुरुवातीला टाइप १. त्यात प्राझोसिनचा (रक्तवाहिन्या सैल करणारं औषध) वापर महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी रूढ केला. लक्षणं सगळी ‘धाप’ हीच, पण एकाला ट्यूब, एकाला प्राझोसिन, एकाला बायपॅप. म्हणून आधी बिघाड कुठे आहे ते ठरवायचं.

---

आयसीयू_सिस्टर

डॉक्टरांनी लिहिलेल्या गोष्टी वॉर्डात कुठे निसटतात ते लिहिते.

नेब्युलायझेशन: सेंट्रल लाइन किंवा सिलिंडरवर नेब्युलायझर लावला की त्याला ६ ते ८ लिटर ऑक्सिजन जातो. ८८ ते ९२ चं लक्ष्य लिहिलेल्या पेशंटला दर चार तासांनी दहा-पंधरा मिनिटं भरपूर ऑक्सिजन मिळतो आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. अशांना कॉम्प्रेसरवरचा नेब्युलायझर वापरा आणि खाली नाकात प्रॉंग्सने १-२ लिटर चालू ठेवा. कॉम्प्रेसर नसेलच तर ऑक्सिजनवर सहा मिनिटांपेक्षा जास्त नको, आणि संपल्याबरोबर व्हेंच्युरी परत लावा.

श्वास मोजणं: चार्टवर सगळ्यांचा २० लिहिलेला असतो. पूर्ण ६० सेकंद मोजा, नाडी धरल्यासारखं करून, म्हणजे पेशंट श्वास बदलत नाही. वाढलेली गती दिसते, पण थकलेल्या पेशंटची ३६ वरून २२ वर आली की ‘सुधारला’ असं लिहिलं जातं. त्या वेळी त्याच्याशी बोला. पूर्ण वाक्य बोलतोय का, की एकेक शब्द? श्वास घेताना पोट बाहेर येण्याऐवजी आत जातंय का? हात पुढे ताणून मनगटं वर करायला सांगा, पंजे फडफडतात का? सीओटू वाढलेल्या पेशंटचे तळवे गरम, नाडी उसळणारी, डोळे लालसर असतात. हे सगळं एक मिनिटाचं काम आहे.

ऑक्सिमीटर: नखावर मेंदी किंवा नेलपॉलिश असेल तर बोट बदला किंवा कानाची पाळी घ्या. हात गार असतील तर आधी चोळून गरम करा. आकड्याबरोबर लाट नीट दिसते का ते बघा. लाट नसेल तर आकडा लिहू नका. सावळ्या त्वचेवर तो दोन-तीन टक्के जास्त दाखवू शकतो.

मास्क: नाकाच्या पुलावर लावण्याआधीच हायड्रोकोलॉइडची (त्वचा वाचवणारी) पट्टी चिकटवा, सहा तासांनी जखम झाल्यावर नाही. पट्टे एवढेच घट्ट की खाली दोन बोटं जातील. दातांची कवळी बसत असेल तर राहू द्या, गाल भरलेले राहतात आणि गळती कमी होते. ढिली असेल तर काढा. डोळ्यांत हवा जात असेल तर मास्क वर सरकलाय. डोकं ३० ते ४५ अंश वर. पाणी पाजायला मास्क काढला की गडबडीत परत लावायचा राहतो, म्हणून वेळ लिहून ठेवा.

आणि रात्री ‘पेशंट मास्क ओढतोय, झोपेचं काहीतरी द्या’ असा फोन डॉक्टरांना जातो. मास्क ओढतोय म्हणजे बहुधा सीओटू वाढतोय, कफ अडकलाय, लघवी तुंबलीय किंवा मास्क रुततोय. ही चार बघून मग फोन करा. मिडाझोलाम, अल्प्राझोलाम, फोर्टविन-फेनर्गन यांतलं काहीही दिलं की उरलासुरला श्वासही जातो.

---

तालुका_एमओ

खूप मोलाचं. दोन प्रश्न उरले. रेडियल धमनी सापडत नाही किंवा एबीजी मशीन दुसऱ्या लॅबमध्ये आहे, तेव्हा शिरेतलं रक्त चालेल का? आणि रेफर करताना सिलिंडरचा हिशोब कसा ठेवायचा?

---

छातीतज्ज्ञ_पुणे

शिरेतलं रक्त पीएच आणि सीओटूसाठी कामाचं आहे, ऑक्सिजनसाठी नाही. पीएच धमनीपेक्षा साधारण ०.०३ ने कमी येतो. पीसीओटू ५-६ ने जास्त, पण हा फरक पेशंटगणिक बराच हलतो. वापर असा करा: शिरेतला पीसीओटू ४५ च्या खाली असेल तर टाइप २ जवळजवळ नाकारता येतो. जास्त आला तर धमनीचं घ्या, किंवा बायपॅप सुरू करून शिरेतल्याच पीएचचा कल बघत राहा. पट्टा बांधून दहा मिनिटं झालेल्या हाताचं रक्त नको.

नमुना बिघडण्याची कारणं चारच. हवेचा बुडबुडा राहिला तर पीओटू खोटा वाढतो आणि पीसीओटू खोटा घटतो. बुडबुडा लगेच काढा, टोपण लावा. द्रवरूप हेपॅरिन जास्त झालं तर पीसीओटू आणि बायकार्ब दोन्ही पातळ होऊन कमी येतात आणि मेटॅबॉलिक अॅसिडोसिसचा भास होतो, २ मि.ली. सिरिंज हेपॅरिनने ओली करून सगळं बाहेर टाका, सुईच्या पोकळीत राहिलेलं पुरेसं असतं. उशीर: साध्या तापमानाला अर्ध्या तासाच्या आत मशीनवर गेलं पाहिजे, पेशी ऑक्सिजन खात राहतात. आणि चौथं, चुकून शिरेत शिरलेली सुई. पीओटू ३५ पण ऑक्सिमीटरवर ९०, असं दिसलं की ते रक्त शिरेचंच. रिपोर्टवर ऑक्सिजन किती आणि कशावर होता हे लिहिलेलं नसेल, तर पीओटूचा आकडा वाचता येत नाही. फॉर्मवर ते आधी भरा.

---

भूलतज्ज्ञ_आयसीयू

सिलिंडर: बी टाइपमध्ये भरलेला असताना सुमारे १५०० लिटर, जम्बो म्हणजे डी टाइपमध्ये ७००० लिटर. भरलेल्या सिलिंडरचं गेज १५० किलोच्या आसपास असतं; ७५ दाखवत असेल तर निम्मा उरलाय. बायपॅपला ५ लिटर जोडलाय तर पूर्ण बी सिलिंडर ३०० मिनिटं. गेज निम्म्यावर असेल तर १५० मिनिटं. दीड तासाच्या रस्त्याला ९० मिनिटं लागतात, पण घाट, फाटक, मोठ्या रुग्णालयाच्या दारातली वाट धरून दुप्पट ठेवा, म्हणजे १८० मिनिटं. म्हणून निम्मा सिलिंडर पुरणार नाही, पूर्ण घ्या आणि स्पॅनर बरोबर द्या. पेशंटला ट्यूब टाकून व्हेंटिलेटरवर नेत असाल तर हाच हिशोब १० लिटर किंवा त्याहून जास्तवर येतो, म्हणजे बी सिलिंडर अडीच तास.

घरगुती बायपॅपला बहुधा बॅटरी नसते. १०८ ला फोन करताना व्हेंटिलेटरवाली एएलएस (अॅडव्हान्स्ड लाइफ सपोर्ट) गाडीच हवी असं स्पष्ट सांगा, आणि गाडीत इन्व्हर्टर सॉकेट चालू आहे का ते मशीन लावून बघा, गाडी हलायच्या आधी. अँब्यू बॅग आणि योग्य मापाचा मास्क उशाशी, पेटीत नाही.

निघताना चिठ्ठीवर एवढं लिहा: दोन्ही एबीजी वेळेसह आणि त्या वेळी ऑक्सिजन किती होता त्यासह, बायपॅपचं प्रेशर, शेवटचं नेब्युलायझेशन आणि स्टेरॉइड कधी, शुद्धीची अवस्था, आणि वरच्या बाजूला ठळक अक्षरात ‘लक्ष्य ८८ ते ९२’. हे नसलं की गाडीत बसल्याबसल्या कुणीतरी पुन्हा १० लिटर करतो.

---

छातीतज्ज्ञ_पुणे

एक राहिलं. बाई बऱ्या होऊन घरी जाताना सॅच्युरेशन ८७-८८ असेल तर नातेवाईक लगेच ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर विकत घेतात. त्यांना थोडं थांबवा. कायमच्या घरगुती ऑक्सिजनचा निर्णय आजार शमल्यावर, दोन-तीन महिन्यांनी पुन्हा हवेवर एबीजी करून घ्यायचा. तेव्हा पीओटू ५५ किंवा खाली असेल, किंवा ५६ ते ५९ असून पायावर सूज, उजव्या हृदयावर ताण, हिमॅटोक्रिट (रक्तातल्या तांबड्या पेशींचं प्रमाण) ५५ टक्क्यांच्या वर यांतलं काही असेल, तर रोज किमान १५ तास. तोपर्यंत तात्पुरता लागला तर भाड्याने घ्या, १ लिटरवर, झोपेतही तेवढाच. सकाळी डोकं दुखतं का, दिवसा झोप येते का, हे दर भेटीला विचारा. हो म्हणाल्या तर स्थिर असतानाचा सीओटू तपासा, घरी रात्रीचा बायपॅप लागू शकतो. आणि चूल अजून घरात पेटत असेल तर गॅस असूनही पाणी तापवायला ती वापरतात का, हे सुनेला विचारा. बाई स्वतः बहुधा नाही म्हणतात.